धुऱ्यावरची शिवण

सावंगी (मेघे), १९ मार्च २०२३

धनंजय,

माझे बाबा मेले नाहीत. तुझी कुऱ्हाड खांद्यात उतरली आणि हाड फोडून थांबली. दुसरा घाव कोपराच्या वर बसला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, डाव्या हाताचं विसरा. हे तुला कळून तुझा जीव भांड्यात पडावा म्हणून मी लिहीत नाही. माणूस जिवंत आहे की मेला हेही न बघता तू गाडीला किक मारलीस आणि निघून गेलास. ते मला घावाहून जास्त झोंबलं, म्हणून लिहिते आहे.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलं आम्ही त्यांना. मी ओढणी जखमेत कोंबली आणि मुठीने दाबून धरली. सेलू येईपर्यंत मूठ सोडली नाही. आई समोर बसून तुझंच नाव घेत होती. "याच हातानं भरवलं मी त्याले, याच हातानं," म्हणत स्वतःचा हात ट्रॉलीच्या पत्र्यावर आपटत होती. तुझी आई गेली तेव्हा तू रांगत होतास. माझ्या आईने एका मांडीवर अंकितला आणि एका मांडीवर तुला घेऊन मोठं केलं. अंकित सख्खा भाऊ आणि तू चुलत, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. आईचा तो हात आता सुजून काळानिळा झाला आहे. दाखवायला तयार नाही कोणाला.

काकाही याच दवाखान्यात आहेत, खालच्या मजल्यावर. तुझे वडील कशामुळे इथे आहेत ते तुला ठाऊक आहे. मी ते इथे लिहीत नाही.

मला झाडाचं लिहायचं आहे. कारण झाड मी निवडलं होतं, आणि तुझ्यासाठी निवडलं होतं.

बंगळूरला मी गिटार करायला शिकले तेव्हा तबलीसाठी परदेशी लाकूड यायचं, कागदात गुंडाळून, पेटीत बंद. तू म्हणालास, ताई, माझ्या गिटारीची तबली आपल्या मातीतली पाहिजे. तारांचा सगळा आवाज ज्या पातळ पाटातून निघतो तो पाट आपल्या शिवारातला. मी म्हटलं, मग शिवण बघू. हलक्या लाकडाची, वाकडी न होणारी, ढोलकीवाल्यांची लाडकी. आख्खा हिवाळा आपण दोघं बोर धरणाच्या बाजूला शेताशेतांतून फिरलो. मी सालीच्या रेघा बघत होते. रेघ खोडाला पिळा घालत वर गेली की आतला धागाही पिळाचा, अशा लाकडाची तबली मोकळी बोलत नाही. एक झाड सरळ होतं तर त्याला हाताएवढ्या गाठी. एक बिनगाठीचं होतं तर आतून पोकळ. आणि मग घरीच येऊन थांबलो, तुमच्या आणि आमच्या वावरामधल्या धुऱ्यावर. पानं गळलेली, रस उतरलेला, सालीची रेघ ओळंब्यासारखी सरळ. मी कुऱ्हाडीच्या तुंब्याने, मागच्या बोथट बाजूने, ठोकलं. तू कान लावून ऐकलंस आणि हसलास.

तीच कुऱ्हाड होती, धनंजय.

तुझे हात झडोत.

आकांक्षा

४ एप्रिल २०२३

धनंजय,

तुझा मित्र राकेश म्हणाला, पत्र पोचवतो, पत्ता विचारू नका. विचारला नाही. मला पत्ता नकोच आहे. पत्ता माझ्याजवळ असला तर अंकित तो माझ्या तोंडातून काढेल.

पोलिसांनी काय काय नेलं ते तुला माहीत नसेल. कुऱ्हाड नेली, सब्बल नेली, रक्ताची माती नेली. आणि ओंडकाही नेला. बाबा त्याच्यावर आडवे पडले होते, सालीवर रक्त सांडलं होतं. चार माणसांनी उचलून गाडीत घातला. आता तो ठाण्याच्या आवारात पडला आहे, उघड्यावर, चैतातल्या उन्हात.

तू म्हणशील, बापाचा हात गेला आणि हिला लाकडाची पडली. आईही तेच म्हणाली.  मी मेणबत्त्या घेऊन ठाण्यावर गेले.

हवालदार आहेत बंडूजी म्हणून. म्हणाले, "ताई, हे काय घेऊन आल्या?"

"मेण. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना लावायचंय. नाही तर कडा आधी वाळतील आणि चिरा पडतील."

"थो ओंडका नाई आहे. मुद्देमाल आहे."

"मुद्देमाल तडकला तर?"

"त तडकलेला मुद्देमाल म्हणून लिहू."

मी तिथेच पायरीवर बसले.  शेवटी बंडूजी आत जाऊन साहेबांना विचारून आले. रक्ताचा नमुना आधीच घेतलेला होता. पंचांसमोर लावायचं, सालीला हात लावायचा नाही, एवढी अट. बाहेरच्या चहावाल्याच्या शेगडीवर मेण पातळ केलं आणि गुडघ्यावर बसून ओंडक्याची दोन्ही तोंडं माखली. वीतभर अंतरावर बाबांचं वाळलेलं रक्त होतं, त्याच्यावर माशा.  काम संपल्यावर कडुनिंबाच्या आड जाऊन ओकले.

त्याच दिवशी माझा जबाब झाला. काय सांगितलं ते आत्ता लिहीत नाही. एवढंच सांगते, की बाहेर आले तेव्हा अंकितने गाडीवर बसवून घेतलं नाही. मी बसने आले.

तो रोज नागपूरला जातो. डिक्कीत विळा असतो. तू जिथे जिथे गाणी वाजवलीस ती सगळी हॉटेलं त्याने पालथी घातली आहेत. घरी येतो, जेवत नाही, भिंतीवर मुठी मारतो. बोटांची सालं निघाली आहेत. आई त्याला हळद लावते आणि म्हणते, "सापडला त मले आधी सांगजो." माझी आई, धनंजय. जी कोंबडी कापताना पदर डोळ्यावर घ्यायची.

हजर हो. ठाण्यावर जा, कोर्टात जा, कुठेही जा. तुझ्या दयेपोटी लिहीत नाही. मला तुरुंगात एकच भाऊ हवा आहे, दोन नकोत.

आकांक्षा

नागपूर, ११ जून २०२३

धनू,

हे पत्र राकेशच्या घरी बसून लिहिते आहे. त्याच्या तोंडाला टाके आहेत, पुढचे दात नाहीत. अंकितने त्याला त्याच्याच जिन्यात गाठलं. "कुठी हाय थो?" एवढंच विचारत होता आणि डोकं कठड्यावर आपटत होता. राकेशने सांगितलं नाही. शेजारचे धावून आले म्हणून वाचला. त्याने तक्रारही केली नाही. मी हात जोडले तर पाटीवर लिहून म्हणाला, "तुमच्या घराले आणखी केस नको." तुझ्यासाठी मार खाल्लेल्या माणसाचं तोंड एकदा येऊन बघ.

आता मी जे दोन पत्रांत टाळलं ते लिहिते.

बाबांनी आधी मारलं.

तू पलीकडे, आडव्या पडलेल्या शेंड्यावर चढून फांद्या छाटत होतास, तुला सगळं ऐकू आलं नसेल. झाड पडलं, खोड कापून बाजूला लोटलं, इथपर्यंत सगळे हसत होते. मग बाबा म्हणाले, बुंधाही काढू. काका म्हणाले, "बुंधा नोको काढू, दादा. धुऱ्याची खून आहे थे, हद्दीची निशानी." बाबांनी ऐकलं नाही, लोखंडी सब्बल घेऊन मुळाशी खणायला लागले. काका बुंध्यावर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "दरसाल तू नांगराचं एक तास इकडे सरकते, मी बोललो काय? आता खूनच उपटून राह्यला." बाबांनी सब्बल उचलली आणि त्यांच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. सुकी फांदी मोडल्यासारखा नव्हता, ओल्या फांदीसारखा होता.

मी बाबांना झाड मागितलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले होते. मला वाटलं, पहिल्यांदा माझ्या कामाची कदर झाली. कदर कसली! त्यांना खूण पुसायला निमित्त हवं होतं, ते मी आणून दिलं.

हेच मी जबाबात सांगितलं. पहिला वार बाबांचा. म्हणून अंकित माझ्या हातचं पाणी पीत नाही.

आणि आता ऐक, गेल्या सोमवारी काय झालं. कोर्टाने ओंडका माझ्या ताब्यात दिला, खटला संपेपर्यंत सालीचा रक्ताचा भाग जपून ठेवायचा या अटीवर. तो मी लगेच पंचांसमोर सोलून सीलबंद करून ठाण्यावर जमा केला आणि ओंडका माझ्या कामाच्या शेडमध्ये आणला. दुपारी अंकित आला. हातात घण आणि लोखंडी पाचरा. म्हणाला, "सरक. याच्या चिपा करतो अन् चुलीत घालतो."

मी आडवी आले. त्याने मला दंडाला धरून भिरकावलं. पत्र्याच्या डब्यांवर पडले, कपाळ फुटलं. त्याने ओंडक्याच्या तोंडावर पाचर ठेवली आणि घण घातला. शिव्या देत होता. तुला, काकांना, मला, झाडाला. घणामागून घण. मी बसल्या जागेवरून बघत होते. मेणाच्या थरात रेघ पडली, रेघ पुढे सरकली, आणि टरकन आवाज होऊन ओंडका उभा दुभंगला.

धनू, अशी फळी मी बंगळूरलाही पाहिली नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत धागा कुठेही तुटला नव्हता, वळला नव्हता. पिवळसर, ओलसर, चकाकणारं अंग. करवतीने कापलं तर करवत धागा तोडत जाते, कुठे सुटला ते कळतही नाही. फोडलेलं लाकूड स्वतःच्या धाग्यानेच फुटतं. मीही शेवटी ते फोडणारच होते. पण माझ्या अंगात तेवढं बळ नव्हतं.

अंकित थांबला. वाकला, आतल्या बाजूवर तळवा ठेवला. म्हणाला, "काऊन गं, असं सरळ असते काय हे?"

"सगळं नसतं," मी म्हटलं.

मग तो घण टाकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. बाबा पडले त्या दिवसापासून पहिल्यांदा. मी त्याच्याजवळ गेले नाही. माझ्या डोळ्यात रक्त उतरत होतं, मला ते पुसायचं होतं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "अजून फोडाचं आहे काय?" मी हो म्हटलं. त्याने अर्ध्याचे अर्धे, त्याचेही अर्धे करून दिले. मी सांगेन तिथे पाचर लावली. कलिंगडाच्या फोडींसारख्या फाका शेडमध्ये उभ्या आहेत.

तो आता नागपूरला जात नाही. पण तू दिसलास तर काय करेल, याची हमी मी देत नाही. तू हजर हो, धनू. काका कुबडी घेऊन दारात बसलेले असतात. कोणीही गाडीवरून गेलं की मान वर करतात.

आकांक्षा

२४ डिसेंबर २०२३

धनू,

हे पत्र आधी तुरुंगातले साहेब वाचतील, मग तू. वाचू देत. लपवायचं काही राहिलेलं नाही.

तू हजर झालास हे कळलं तेव्हा आईने देवापुढे दिवा लावला आणि दिवा लावता लावता तुला शिव्या दिल्या. दोन्ही खरं होतं.

परवाच्या भेटीत जाळीपलीकडून तू जे मागितलंस त्याचं उत्तर तिथे देता आलं नाही, गर्दी होती. तू म्हणालास, "ताई, पहिला घाव तू सांग, थो झालाच. दुसरा मात्र मोठे बाबा पडताना पात्यावर पडले, असं म्हण. वकील म्हणते, एकच घाव असला त रागाच्या भरात झालं म्हणता येते."

मी रात्रंदिवस तोच विचार केला. तसं मी म्हणणार नाही.

तुझे वडील जमिनीवर ओरडत होते. तू पडलेल्या फांदीवरून उडी टाकलीस, धावत आलास, घाव घातलास. ते मला कळतं. ते कळतं म्हणूनच मी तुझ्याशी बोलते आहे. पण नंतर बाबा ओंडक्यावर कोसळले. सब्बल हातातून सुटून दूर गेली होती. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि "धनू" म्हणाले. तू ऐकलंस. मी तुझं तोंड बघत होते, तू ऐकलंस. आणि कुऱ्हाड पुन्हा वर गेली. तो घाव कोणत्या रागाचा होता, ते तू मला कधी सांगितलं नाहीस. मी कोर्टात दोन्ही सांगेन. बाबांची सब्बल सांगेन आणि तुझा दुसरा घावही सांगेन. माझ्याकडून कोणाची शिक्षा वाढली तर वाढो.

आता लाकडाचं.

दिवाळीनंतर फाका सेलूला लाकूड कापायच्या आरा मशीनवर नेल्या. मशीनवाल्याला सांगितलं, फोडीच्या तोंडाला समांतर, पातळ फळ्या. त्याला वाटलं, मी खोके करते आहे. घरी आणून फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी लावली, वर दगड ठेवले, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही अशा जागी. दर रविवारी थप्पी उतरवते, वरची फळी खाली, खालची वर. एकेका फळीला कोपऱ्याजवळ चिमटीत धरते, बोटाच्या पेराने ठोकते. बहुतेक फळ्या 'ठक' म्हणतात आणि गप्प बसतात. काही बऱ्या बोलतात. आणि एका फाकेतून निघालेल्या लागोपाठच्या दोन फळ्या आहेत, त्यांना ठोकलं की आवाज पितळेच्या परातीसारखा लांबत जातो. त्यांच्यावर मी खडूने खूण केली आहे.

आणि हो, तू विचारलं नाहीस तरी सांगते. रक्त सालीतच राहिलं होतं. आत उतरलं नव्हतं. मी बघितलं.

आकांक्षा

९ नोव्हेंबर २०२४

धनू,

जामिनावर सुटलास हे राकेशने कळवलं. गावात पाऊल ठेवायचं नाही, ही अट तू पाळतो आहेस तेच बरं. मी येत नाही भेटायला. आज लिहिते आहे कारण हे दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

साक्षीची तारीख लागली. सरकारी वकिलांनी सगळ्यांना बोलावून जबाब वाचून दाखवले. बाबांनी माझा जबाब तिथे पहिल्यांदा ऐकला. अंकितने इतके दिवस त्यांना सांगितलाच नव्हता. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये तबली जोडत होते. त्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडायच्या, म्हणजे डावीकडच्या रेघा उजवीकडे आरशासारख्या उमटतात. मधली कड रंध्याने इतकी सरळ करायची की दोन फळ्या टेकवून खिडकीकडे धरल्या तर उजेडाची तार दिसू नये. दोन दिवस तेच चाललं होतं. केसाएवढा उजेड राहायचा, पुन्हा रंधा. शेवटी उजेड बंद झाला. सरस लावला, दोरीने आवळली, सुकू दिली. त्या सकाळी सोडवून जोडावरचा वाळलेला सरस पटाशीने खरडत होते.

बाबा आत आले. डावा हात झोळीसारखा लोंबत होता. म्हणाले, "कोनाची पोट्टी आहे तू?"

"तुमचीच."

उजव्या हाताची थोबाडीत बसली. कान सुन्न झाला. "बापानं आधी मारलं म्हणून लिवून देते? तुया बापाचा हात गेला अन् तू त्याच्यासाठी वाजा करून राह्यली?" त्यांनी तबली टेबलावरून ओढली. एका हाताने मोडता येईना म्हणून एक टोक जमिनीला टेकवलं आणि मध्यावर, जोडावर, पाय उचलला.

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते हे, की बाबा भिंतीला टेकले होते, पटाशी माझ्या मुठीत होती आणि तिची धार त्यांच्या गळ्याखालच्या खळग्यात रुतली होती. सदऱ्याचं वरचं बटण तुटून पडलं होतं. रक्ताचा एक थेंब धारेवरून खाली येत होता. आणि मी म्हणत होते, "पाय ठेवा. ठेवा ना पाय. ठेवून पाहा."

माझा आवाज नव्हता तो. बाबांचाच होता. धुऱ्यावर काकांना "उतरते का नाई" म्हणणारा.

बाबांना भीती वाटली, धनू. माझे बाबा मला घाबरले. त्यांचा जिवंत हात वर आला नाही. ते हळूच म्हणाले, "आकांक्षा." फक्त नाव.

मी थांबले. तुला हे सांगायचं आहे. ते माझं नाव घेत होते आणि मी थांबले. मी चांगली आणि तू वाईट असं नाही. मनगट पुढे जायला निघालंच होतं, मला ते माझ्या हाताच्या स्नायूंत जाणवत होतं. पण थांबता येतं. नाव ऐकल्यावर थांबता येतं. आता मला ते ठाऊक आहे, आणि म्हणून तुझ्या दुसऱ्या घावाला माझ्याकडे काहीच सबब उरली नाही.

पटाशी टेबलावर ठेवली. बाबांच्या गळ्याला पाणी लावलं, पट्टी बांधली. त्यांनी बांधू दिली. मग खुर्चीवर बसून ते काकांबद्दल म्हणाले, "बबन्या बुंध्यावरून उतरलाच नाई ना. म्यां सांगितलं होतं उतर." माझ्याशी बोलत नव्हते. 

तबली शाबूत आहे. जोड उघडला नाही.

आकांक्षा

१७ ऑगस्ट २०२५

धनू,

निकालाच्या दिवशी तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाहायला हवं होतंस असंही नाही. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जे बोलले ते तुझ्या वकिलाने तासभर उलटंपालटं करून विचारलं, बाबांची सब्बल सांगितली म्हणून सरकारी वकीलही रागावले. मी तेच सांगितलं. जिवे मारण्याचा हेतू शाबीत झाला नाही, गंभीर दुखापत झाली, पाच वर्षं. काकांच्या गुडघ्याची बाबांवरची केस वेगळी चालू आहे. तिथेही मलाच बोलावणार आहेत. तिथेही हेच सांगेन.

गिटार उन्हाळ्याआधीच झाली होती. तबली रंध्याने आणि मग काचेच्या तुकड्याने खरडत आणली, इतकी पातळ की दोन अंगठ्यांत धरून वाकवली तर श्वास घेतल्यासारखी उठते आणि बसते. तिच्या आतून आधाराच्या पट्ट्या बसवल्या, त्या तासता तासता प्रत्येक वेळी ठोकून ऐकलं. पण तारा चढवल्या नाहीत. निकाल लागेपर्यंत मन होईना. चढवल्या त्या काल.

आणि काल काका आले. धुऱ्यावरून नाही, रस्त्याने फेरा घालून, कुबडी टेकत टेकत. इतक्या दिवसांनी आमच्या आवारात. दारातच उभे राहिले.

"झाली म्हणते थे?"

"झाली."

"दाखव बरं."

मी दिली. त्यांनी कुबडी भिंतीला लावली, तबलीवरून बोट फिरवलं. जोडाची रेघ शोधत होते, सापडली नाही. "धुऱ्यावरचीच ना?" म्हणाले. मी मान हलवली. "वाजव."

मला काय येतं, ते तुला माहीत आहे. तूच शिकवलेले सूर. वाजवले. नवीन गिटार आधी कोंदलेली बोलते, तशीच बोलली, पण खालच्या तारा मोठ्या, गरम, शेडच्या पत्र्याला हलवणाऱ्या. काका बघत राहिले. म्हणाले, "त्याले तिथी देता येते काय हे?"

"नाही देत."

"मंग तूच वाजवत राह्य. पडून राह्यली त आवाज बसून जाईन."

तेवढ्यात बाबा आले. आवाज ऐकून आले असतील. दोघं समोरासमोर, मधे मी, मांडीवर तुझी गिटार. एकाचा पाय गेलेला, एकाचा हात.

बाबा ओरडले, "माह्या आवारात पाय कसा ठेवला? निंघ!"

काका हलले नाहीत. म्हणाले, "निंघत नाई. मार. एक हात आहे ना अजून तुले? मार, दादा. त्या दिवशी अर्धंच राह्यलं तुयं."

बाबांचा उजवा हात वर गेला. मूठ वळली होती. मी उठले नाही. मला वाटलं उठावं, पण मी या दोघांच्या मधे आता उभी राहणार नाही असं ठरवलं होतं. काकांनी डोळे मिटले नाहीत. बाबांच्या गळ्यातली शीर उडत होती. मूठ तिथेच, हवेत, कितीतरी वेळ.

काका म्हणाले, "अण्णा." लहानपणी म्हणत असतील तसं.

हात खाली आला. काकांवर नाही, चौकटीवर. बाबांनी चौकट धरली, धरूनच वळले आणि घरात गेले. काकांनी कुबडी घेतली आणि आले तसे रस्त्याने निघाले. कोणी कोणाशी गोड झालं नाही. रात्री बाबा जेवले नाहीत, आणि आज सकाळी आईने काकांकडे भाकरी पाठवायला डबा काढला तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. अंकित घेऊन गेला. दारात ठेवून आला, आत गेला नाही.

गिटार तुझी आहे. मी रोज संध्याकाळी वाजवते, वाईट वाजवते. तू सुटून आलास की तुझ्या हातात देईन. तेव्हा तुला माफ केलेलं असेल की नाही, मला माहीत नाही. त्याची वाट पाहू नकोस. गिटार मात्र मिळेल.

तुझी ताई,
आकांक्षा